काउबॉइज १३ अब्जांचे, ईगल्स ८.३ अब्जांचे, तरी करंडक फिलीत कसा?

फ्रिस्को_कट्टा:

मंडळी, फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, एनएफएल लीगचा, मेस्सीवाल्यांनी राग मानू नये.

फोर्ब्सच्या ऑगस्ट २०२५ च्या यादीत डॅलस काउबॉइजची किंमत १३ अब्ज डॉलर धरली आहे आणि फिलाडेल्फिया (फिली) ईगल्सची ८.३ अब्ज. दोघं एकाच डिव्हिजनमधले (लीगमधला चार संघांचा गट), हाडवैरी. काउबॉइजनी शेवटचा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला जानेवारी १९९६ मध्ये, त्यानंतर कॉन्फरन्सची फायनल (म्हणजे उपांत्य फेरी)सुद्धा पाहिलेली नाही. ईगल्सनी फेब्रुवारी २०१८ आणि फेब्रुवारी २०२५ असे दोन नेले.

मला कळत नाही ते असं की एवढी तफावत किमतीत येते कुठून, आणि एवढा पैसा असताना डॅलसला मायका पार्सन्ससारखा बचावातला मोठा खेळाडू का सोडावा लागतो? "जेरीला कळत नाही" हे मालक जेरी जोन्सबद्दलचं उत्तर दर रविवारी ऐकतो, तेवढं सोडून सांगा. आकडे असतील तर उत्तम.

खातेवही:

आधी किंमत.

एनएफएलमधला सगळ्यात मोठा पैसा टीव्हीचा. २०२३ पासून ११ वर्षांचे करार आहेत, सगळे मिळून सुमारे ११० अब्ज डॉलर. त्याचे ३२ सारखे वाटे पडतात. आयपीएलचा सेंट्रल पूल ज्यांना माहीत आहे त्यांना कल्पना चटकन समजेल, फक्त इथे वाटा फार मोठा आहे. किती मोठा, हे ग्रीन बे पॅकर्समुळे कळतं. तो एकच संघ सामान्य भागधारकांच्या मालकीचा, म्हणून त्याचा ताळेबंद दरवर्षी जाहीर होतो. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात त्यांना लीगकडून ४३ कोटी २६ लाख डॉलर मिळाले, एकूण उत्पन्न ७१ कोटी ९१ लाख. म्हणजे साठ टक्के पैसा घरबसल्या. जवळपास तेवढाच चेक डॅलसला गेला, फिलीला गेला, आणि किमतीत तळाला असलेल्या सिनसिनाटीलाही गेला.

त्याच्याशेजारी २०२५ ची सॅलरी कॅप (एका संघाच्या खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा) ठेवा: २७ कोटी ९२ लाख. खेळाडूंचे विमा-पेन्शनचे लाभ वर धरले तरी तो चेक पुरून उरतो. त्यामुळे "श्रीमंत मालक, म्हणून भारी टीम" हे गणित या लीगमध्ये मुळातच बसत नाही. कॅप सगळ्यांना एकच.

मग तफावत येते ती वाटून न घेतल्या जाणाऱ्या पैशातून. साध्या तिकिटांच्या उत्पन्नातला ३४ टक्के भाग पाहुण्या संघांच्या सामायिक पेटीत जातो, पण सूट आणि बॉक्सचं वरचं भाडं, स्टेडियमचं नाव, प्रायोजक, पार्किंग हे यजमानाचं. काउबॉइजचं आर्लिंग्टनचं स्टेडियम २००९ मध्ये उघडलं. खर्च सुमारे १.२ अब्ज, त्यात शहराचे ३२.५ कोटी, आणि ८०,००० खुर्च्या. ते बांधलंच या हिशेबाने.

दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. टी-शर्ट, टोप्या वगैरेंचे हक्क बाकीचे संघ लीगमार्फत एकत्र विकतात आणि वाटून घेतात. काउबॉइज आपला माल स्वतः बनवून घेतात आणि स्वतः विकतात. जेरी जोन्सनी १९९५ मध्ये लीगच्या प्रायोजकांना वळसा घालून पेप्सी आणि नायकेशी स्टेडियमच्या नावाने करार केले. लीगने ३० कोटींचा दावा ठोकला, जोन्सनी ७५ कोटींचा उलटा ठोकला. १९९६ मध्ये तडजोड झाली आणि करार टिकले. १९८९ मध्ये सुमारे १४ कोटींना स्टेडियमच्या हक्कांसह घेतलेली टीम आज १३ अब्जांना जाते, त्याचं मोठं कारण त्या तडजोडीत आहे, आणि करंडकांचा त्यातला वाटा त्या मानाने किरकोळ.

शेवटी गुणक. काउबॉइजचं वार्षिक उत्पन्न सुमारे १.२ अब्ज, किंमत १३, म्हणजे जवळजवळ अकरापट. हे आकडे हवेतले नाहीत. ब्रॉन्कोज २०२२ मध्ये ४.६५ अब्जांना आणि कमांडर्स २०२३ मध्ये ६.०५ अब्जांना खरोखर विकले गेले. ईगल्सचे मालक जेफ्री लुरी यांनी डिसेंबर २०२४ मध्ये आठ टक्के हिस्सा विकला तो ८.३ अब्ज किंमत धरूनच.

ब्रॉड_स्ट्रीट_बुवा:

खातेवहींनी पाया घातला, आता वरचा मजला.

कॅप सारखी असली तरी रोकड सारखी नसते. कॅप हा कागदावरचा हिशेब आणि रोकड म्हणजे मालकाच्या खात्यातून या आठवड्यात गेलेला पैसा. ईगल्सचा जनरल मॅनेजर हाउई रोझमन सगळा खेळ या दोन्हींच्या मधल्या फटीत खेळतो.

उदाहरण काल्पनिक घेतो, म्हणजे आकडे सोपे पडतील. खेळाडूशी चार वर्षांचा १० कोटींचा करार. त्यात ४ कोटी साइनिंग बोनस, सही होताच हातात. नियम असा की बोनस कॅपवर जास्तीत जास्त पाच वर्षांत समान वाटता येतो. करार चारच वर्षांचा, म्हणून पुढे एक पोकळ वर्ष जोडायचं. व्हॉइड इयर म्हणतात ते हेच. खेळाडू त्या वर्षी खेळणार नसतो, ते वर्ष फक्त हिशेबापुरतं. आता दरवर्षी ८० लाख. पहिल्या वर्षी मूळ पगार १२ लाख ठेवला, तर खेळाडूच्या हातात ४ कोटी १२ लाख आणि कॅपवर फक्त ९२ लाख.

उरले ५ कोटी ८८ लाख, तीन वर्षांत दरवर्षी १ कोटी ९६ लाख. दुसऱ्या वर्षी त्यातले १ कोटी ८० लाख पुन्हा बोनस म्हणून द्यायचे आणि त्या वर्षापासून पुढे पाच तुकडे करायचे, त्यासाठी आणखी एक पोकळ वर्ष. दर तुकडा ३६ लाख. दुसऱ्या वर्षाचा कॅपवरचा भार: ८० + १६ + ३६ = १ कोटी ३२ लाख. ईगल्सची खासियत ही की हा दुसरा बोनस करारात पहिल्या दिवशीच ऑप्शन बोनस म्हणून लिहिलेला असतो. दर मार्चमध्ये "आता काय मोडायचं, काय जोडायचं" अशी धावपळ उरत नाही.

आता बिघडतं कुठे ते. दोन हंगामांनंतर खेळाडू मांडीच्या दुखण्याने संपला आणि १ जूनच्या आधी सोडला, तर न फिटलेले सगळे तुकडे एकदम अंगावर येतात: ८० लाखांचे तीन आणि ३६ लाखांचे चार, मिळून ३ कोटी ८४ लाख. खेळाडू नाही, पैसा मात्र कॅपवर. हाच डेड मनी. १ जूननंतर सोडला तर त्या वर्षी १ कोटी १६ लाख आणि उरलेले २ कोटी ६८ लाख पुढच्या वर्षी. आधी सोडूनही "१ जूननंतर"चा शिक्का वर्षाला दोनच खेळाडूंवर मारता येतो, आणि मोकळी झालेली जागा वापरायला २ जून उजाडावा लागतो. तोवर फ्री एजन्सीतले (मोकळ्या खेळाडूंच्या बाजारातले) चांगले खेळाडू उचललेले असतात.

हे सगळं चालतं दोन गोष्टींवर. एक, कॅप दरवर्षी वाढली पाहिजे. २०२३ मध्ये २२.४८ कोटी, २०२४ मध्ये २५.५४, २०२५ मध्ये २७.९२. आज ढकललेला ८० लाखांचा तुकडा तीन वर्षांनी कॅपचा लहान हिस्सा होतो. दोन, मालकाने रोकड आत्ता काढली पाहिजे. शिवाय पुढच्या वर्षांची पूर्ण गॅरंटी दिली तर त्यातला बराचसा पैसा आधीच वेगळा ठेवावा लागतो. लुरी काढतात. सगळेच मालक काढत नाहीत.

आणि मुख्य मुद्दा वेळेचा. ईगल्सच्या क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) जेलन हर्ट्सचा करार एप्रिल २०२३ मध्ये, पाच वर्षं २५.५ कोटी, सरासरी ५.१ कोटी. तेव्हा विक्रम वाटला. मग बाकी संघांचे क्वार्टरबॅक: दहाच दिवसांत लमार जॅक्सनने मागे टाकला, जुलैत हर्बर्टने, सप्टेंबरात बरोने ५.५ वर नेलं. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला काउबॉइजनी ६ कोटी सरासरी दिली. २०२४ च्या विजेत्या हंगामात हर्ट्सचा कॅपवरचा भार होता सुमारे १ कोटी ३६ लाख. त्या जागेत बाकीची लाइन (क्वार्टरबॅकची ढाल) आणि चेंडू घेऊन धावणारा सॅक्वॉन बार्कली मावला.

आता पार्सन्स. २०२१ चा ड्राफ्ट (कॉलेजमधल्या खेळाडूंची वार्षिक निवड), म्हणजे २०२३ चा हंगाम संपताच त्याच्याशी वाढीव करार करता येत होता. तेव्हा पास रशरचा (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, पार्सन्स तोच) वरचा भाव निक बोसाचा, ३.४ कोटी. मार्च २०२५ मध्ये क्रॉसबीने ३.५५ केला, त्याच महिन्यात गॅरेटने ४, जुलैत वॉटने ४.१. डॅलस थांबून राहिलं. २८ ऑगस्टला ट्रेड झाला आणि ग्रीन बेने ४.७ दिले: चार वर्षं १८.८ कोटी. डॅलसला मिळाले केनी क्लार्क आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे दोन पिक (निवडीचे हक्क). पैसे नव्हते असं नाही, वरातीमागून घोडं निघालं.

लोनस्टार_नाना:

बुवा, वेळेचा मुद्दा मान्य. पण ईगल्सचं फ्रंट ऑफिस (संघ बांधणारी मंडळी) म्हणजे जणू चित्रगुप्ताची कचेरी, कधी चूक नाही, असं चित्र नका रंगवू.

ईगल्सचा आधीचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ आठवतो का? जून २०१९ मध्ये लवकरच उरकला होता, चार वर्षं १२.८ कोटी. २०२१ च्या सुरुवातीला त्याला कोल्ट्सकडे पाठवावं लागलं आणि ३.३८ कोटींचा डेड मनी कॅपवर बसला, तेव्हाचा लीगमधला सगळ्यात मोठा. त्याच वर्षी कॅप १९.८२ वरून १८.२५ कोटींवर घसरली होती. म्हणजे बुवांनी सांगितलेला पहिला आधारच गेला. २०२१ ईगल्सनी कसं काढलं ते विचारा. लवकर करार म्हणजे स्वस्त करार हे खरं, पण माणूस चुकला तर तो लवकर चुकतो.

२०२० चा ड्राफ्टही बघा. १७ व्या क्रमांकावर डॅलसने सीडी लॅम घेतला. २१ व्या क्रमांकावर फिलीने जेलन रेगर. २२ व्या क्रमांकावर मिनेसोटाने जस्टिन जेफरसन. ओळीने वाचा: रेगर फसला, बाकी दोघे तारे झाले.

डॅलसमध्ये विल मॅक्ले खेळाडू पारखतो, आणि त्याची पारख लीगमधल्या चांगल्यांपैकी आहे. झॅक मार्टिन २०१४ मध्ये १६ वा, डॅक २०१६ मध्ये चौथ्या फेरीत १३५ वा, टायलर स्मिथ २०२२ मध्ये २४ वा. माल आत येतो. तो टिकवताना गळती होते.

आणि डॅकच्या ६ कोटींबद्दल: रकमेकडे नका पाहू, कॅपच्या टक्क्यांत पाहा. हर्ट्सचे ५.१ कोटी सहीच्या वर्षीच्या कॅपच्या २२.७ टक्के, डॅकचे ६ कोटी २३.५ टक्के. फरक पाऊण टक्क्याचा. बोंब मात्र केवढी.

ब्रॉड_स्ट्रीट_बुवा:

नाना, टक्के बरोबर, पण सहीच्या दिवसाचेच का धरता? दोघांना २०२५ च्या कॅपवर ठेवा. हर्ट्स १८.३, डॅक २१.५. तीन टक्क्यांहून जास्त, म्हणजे नव्वद लाखांच्या आसपास, लाइनमधला एक बरा गार्ड येतो त्यात.

रेगरबद्दल शब्द नाही. फिलीत त्या विषयावर अजून कोणी नीट जेवत नाही.

पण २०२१ चा ड्राफ्ट दोन्ही फ्रंट ऑफिसांचा स्वभाव सांगतो. डॅलसकडे दहावा पिक, न्यूयॉर्क जायंट्सकडे अकरावा, फिलीकडे बारावा. डॅलसची नजर दोन कॉर्नरबॅकवर (बचावपटू) होती, दोघेही आठव्या आणि नवव्या क्रमांकावर गेले. रोझमनला डेव्हॉन्टा स्मिथ हवा होता आणि जायंट्सही त्याच्यावर टपले होते असं सगळे धरून होते. मग रोझमनने आपल्या डिव्हिजनमधल्या वैऱ्यालाच फोन लावला: बारावा आणि तिसऱ्या फेरीचा ८४ वा घ्या, दहावा द्या. डॅलसने दिला. स्मिथ फिलीला, पार्सन्स बाराव्या क्रमांकावर डॅलसला, आणि वर ८४ वा पिक फुकट. त्या दिवशी डॅलसचा सौदा सरस होता, हे मी ईगल्सचा असून म्हणतो. चार वर्षांनी स्मिथ फिलीतच आहे, एप्रिल २०२४ मध्ये तीन वर्षं ७.५ कोटींवर सही करून. पार्सन्स ग्रीन बेला.

मेटलाइफ_बी_विंग:

आणि त्या अकराव्या क्रमांकावरच्या जायंट्सचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही. नेहमीप्रमाणे.

सांगतो. तो पिक शिकागोला दिला, मागे सरकून विसाव्या क्रमांकावर कडेरियस टोनी घेतला. पुढे मार्च २०२३ मध्ये क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षं १६ कोटी, आणि सॅक्वॉन बार्कलीवर फ्रँचायझी टॅग (करार संपलेल्या खेळाडूला एक वर्ष रोखून धरायचा हक्क). नोव्हेंबर २०२४ मध्ये जोन्सला सोडून दिलं. बार्कली त्याआधीच मार्चमध्ये फिलीला गेला होता, तीन वर्षं ३ कोटी ७७.५ लाख, आणि पहिल्याच हंगामात २,००५ यार्ड धावला. आमचा तो हंगाम ३ विजय, १४ पराभव.

आता किंमत बघा: १० अब्जांच्या पुढे. ईगल्सपेक्षा जास्त! स्टेडियमही पूर्ण आमचं नाही, जेट्सबरोबर अर्धं. खातेवहींचा मुद्दा डॅलसपेक्षा आमच्याकडे जास्त स्वच्छ दिसतो. बाजार न्यूयॉर्कचा, बाकी काही असो.

गंमत म्हणजे टीव्हीचा पैसा सारखा वाटायला १९६१ मध्ये होकार देणाऱ्यांत जायंट्सचे मारा बंधूच महत्त्वाचे होते. सगळ्यात मोठा बाजार त्यांचा, सगळ्यात जास्त सोडायचं त्यांनीच. नसतं सोडलं तर ग्रीन बे आज नकाशावर नसतं आणि पार्सन्सला ४.७ कोटी कुणी दिले असते?

फ्रिस्को_कट्टा:

चित्र स्पष्ट होतंय. पण काउबॉइजही पोकळ वर्षं आणि रिस्ट्रक्चर (पगाराचा बोनस करणं) वापरतातच की. मार्च २०२५ मध्ये डॅकचा करार फिरवला ना? मग बुवांच्या पद्धतीत आणि यात फरक काय?

खातेवही:

हत्यार तेच. डॅकचे २०२५ च्या पगारातले ४ कोटी ५७.५ लाख बोनसमध्ये बदलले, पाच तुकडे केले. एक तुकडा ९१.५ लाख, तो २०२५ वर. उरलेले चार, म्हणजे ३ कोटी ६६ लाख, पुढे ढकलले आणि तेवढी जागा मोकळी झाली. भागाकार कोणीही करून बघावा.

फरक क्रमाचा. फिलीत आधी करार, मग त्यातून सुटलेल्या जागेत मार्चमध्ये बाजार उघडताच खरेदी. डॅलसमध्ये करार ऑगस्ट-सप्टेंबरला होतात: लॅम २६ ऑगस्ट २०२४, डॅक ८ सप्टेंबर २०२४, म्हणजे हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी. तोवर त्यांच्यासाठी जागा राखून ठेवावी लागते. मार्चमध्ये बाजार भरतो तेव्हा हात बांधलेले, आणि सप्टेंबरमध्ये हात मोकळे होतात तेव्हा बाजार उठलेला.

दुसरा फरक खुर्चीचा. जोन्स मालक, अध्यक्ष आणि जनरल मॅनेजर तिन्ही आहेत. पार्सन्सच्या वेळी त्यांनी एजंटला बाजूला ठेवून खेळाडूशी थेट बोलणी केली, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. एजंटने ती बोलणी करार म्हणून धरलीच नाहीत. साधा जनरल मॅनेजर असं करून बसला असता तर मालकाने विचारलं असतं. इथे विचारणार कोण? फिलीत लुरींनी २०१५ मध्ये रोझमनकडून खेळाडूंचे अधिकार काढून प्रशिक्षक चिप केलीला दिले होते. ते फसलं, केली गेला, २०१६ मध्ये रोझमन परत आला. मालक आणि मॅनेजर वेगळे असले की चूक दुरुस्त करायला निदान एक माणूस उरतो.

लोनस्टार_नाना:

हे मात्र मान्य. मॅक्लेला पूर्ण अधिकार मिळावेत असं निम्मा डॅलस म्हणतो.

तरी एक राहिलं. बुवांच्या टीमची पोकळ वर्षं २०२७ नंतर कशी दिसतात ते कॅपच्या कोणत्याही संकेतस्थळावर काढून बघा. खेळाडूचं पान उघडा, चालू वर्षाचा कॅप आकडा सोडा, त्याच्या उजवीकडे जिथे पगाराचा रकाना रिकामा आणि बोनसचा भरलेला दिसेल ती पोकळ वर्षं. टीममधल्या सगळ्यांची ती बेरीज करा. मग कॅप एखाद्या वर्षी वाढली नाही तर काय, ते सांगा.

ब्रॉड_स्ट्रीट_बुवा:

टीव्हीचे करार २०३३ पर्यंत आहेत. त्याआधी कॅप घसरायची तर २०२० सारखी रिकामी स्टेडियम लागतील. तोवर उधारी चालू द्या.

बाकी वाहून गेलेल्या खेळाडूंचीही भरपाई असते, ते डॅलसवाल्यांना माहीत आहे, कारण हे एक काम ते नियमित करतात. करार संपून गेलेले खेळाडू आणलेल्यांपेक्षा जास्त भरले की पुढच्या ड्राफ्टमध्ये कॉम्पेन्सेटरी पिक मिळतात, एका संघाला जास्तीत जास्त चार. दुसऱ्या संघाने सोडून दिलेला खेळाडू घेतला तर तो मोजला जात नाही. ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर घेतलेलाही नाही. म्हणून मे महिन्यात अचानक एवढ्या सह्या दिसतात.

मेटलाइफ_बी_विंग:

आमच्याकडून गेलेल्यांची भरपाई करायला चार पिक पुरायचे नाहीत.